डोक्याला बंदी

ढुशीनं चौदा वर्षांच्या कारकिर्दीत एकशे अठरा गोल केले, त्यातले सत्त्याण्णव डोक्यानं. नऊ गुडघ्यानं, सात छातीनं, एक पाठीनं (तेव्हा तो रेफरीशी हुज्जत घालत पाठमोरा उभा होता) आणि उरलेले चार पायानं. त्या चारांपैकी तीन वेळा तो खरं तर पास देत होता.

ढुशी हे नाव त्याला तेराव्या वर्षी पडलं. त्या वयातच तो दारातून वाकून आत यायचा, आणि त्याचे दोन्ही पाय एकमेकांशी अबोला धरल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना पळायचे. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी उंची बघून त्याला सगळ्यांच्या पुढे उभा केला. बॉल आला, पाय हलवायला सवड नव्हती, म्हणून त्यानं बैलासारखी मान खाली घातली आणि दिली ढुशी. जाळं हललं. मास्तरांनी तोंडातली शिट्टी काढली आणि म्हणाले, "परत कर." त्यानं परत केलं. पुढची बावीस वर्षं तो तेवढंच करत राहिला.

एकविसाव्या वर्षी मोठ्या क्लबनं त्याला उचललं. कॉर्नर मिळाला की अख्खं स्टेडियम स्वतःच्या कपाळावर तळहात मारायला लागायचं, थप, थप, थप, आणि ढुशी त्या तालावर धावत आत शिरायचा. चोविसाव्या वर्षी त्याला पुरतं टक्कल पडलं. बॉलनं घासून घासून केस गेले, असं तो सांगायचा. बायको म्हणायची, तुझ्या वडिलांनी कधी बॉलला हात लावला नव्हता, त्यांचे कशानं गेले?

पस्तिसाव्या वर्षी मानेनं राजीनामा दिला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ही मान आता फक्त 'हो' आणि 'नाही' म्हणायला वापरायची. त्यातही 'नाही' जरा बेतानं."

मग आठ महिने तो घरी बसला. म्हणजे घरी बसला असता तर बरं झालं असतं. त्याची बायको शहर वाहतुकीची बस चालवायची, आणि ढुशी रोज दुपारी तिच्या मागच्या सीटवर येऊन बसायचा. "डावीकडून घे, डावीकडे मोकळं आहे!" "सोडू नको त्याला, गाठ!" प्रवासी हसायचे. बायको हसायची नाही. अकरा वर्षांत तिच्या बसला ओरखडा नव्हता आणि तिची बस कधी एक मिनिट उशिरा सुटली नव्हती.

एके दिवशी शेवटच्या थांब्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि शेजारच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. कुंपणापलीकडे मुलांच्या क्लबचं मैदान होतं, आणि फाटकावर एक पाटी लावलेली होती: अकरा वर्षांखालच्या मुलींसाठी कोच पाहिजे.

"मला सात मिनिटं ब्रेक आहे," ती म्हणाली. "तेवढ्यात नोकरी घेऊन ये."

तो पाचव्या मिनिटाला परत आला.

क्लबचं ऑफिस जिन्याखालच्या खोलीत होतं. खुंटीवर ओली जाळी वाळत होती, कोपऱ्यातल्या टबात जोडीदार हरवलेले एकेकटे बूट साठले होते, आणि टेबलामागे दोरीचा चष्मा लावलेल्या सेक्रेटरीबाई बसल्या होत्या. ढुशी वाकून आत आला तसा त्यांनी स्वतःच्या कपाळावर तीनदा तळहात मारला. थप, थप, थप.

"म्हणजे ओळखलंत," ढुशी फुलून म्हणाला.

"ओळखलं की. ऐका. आमच्या मुलींनी सात सामने खेळलेत. गोल झालेत शून्य. तुम्ही फॉरवर्ड आहात. उद्या चारला या." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "आणि हे नियम. महत्त्वाचा तेवढा तिसरा. या वयाच्या मुलांना हेडर मारायला बंदी आहे. सामन्यात नाही आणि प्रॅक्टिसमध्येही नाही."

ढुशीनं कागद दोनदा वाचला. "मग डोकं कशाला वापरायचं?"

"विचार करायला," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "बाकीचे लोक त्यालाच वापरतात."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बारा मुली त्याच्यासमोर अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या आणि मान वर करून त्याच्याकडे बघू लागल्या. त्यांनी एकमेकींना टोपणनावं पाडून ठेवली होती. गोलकीपर मुलगी होती खिडकी, कारण सगळं तिच्यातून आरपार जायचं. तिला त्या नावाचा अभिमानच होता. डाव्या पायानं खेळणारी, सडपातळ, चष्म्याला मागून इलॅस्टिक लावलेली मुलगी होती वकील. तिनं रेफरीला एकदा एवढं पटवलं होतं की त्यानं शिट्टी मागे घेतली होती. आणि सगळ्यांत बुटकी होती भोवरा. ती फॉरवर्ड. बॉल मिळाला की ती आनंदानं स्वतःभोवती गोल फिरायची आणि थांबेपर्यंत बॉल दुसऱ्या कुणाकडे तरी गेलेला असायचा.

"सर, गोल कसा करायचा?" भोवऱ्यानं विचारलं.

एकशे अठरा गोल केलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"म्हणजे, बॉल येतो," तो म्हणाला, "आणि मग तो जातो."

"कुठून येतो?" वकील म्हणाली.

"वरून."

"आणि वरून नाही आला तर?"

"थांबा, मी दाखवतोच," ढुशी म्हणाला. त्यानं बॉल गोलपासून दहा पावलांवर ठेवला, चार पावलं मागे गेला, धावत आला आणि उजव्या पायानं सणसणीत लाथ घातली. बॉल गोलवरून गेला, कुंपणावरून गेला, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या बाजूच्या पत्र्यावर धाडकन आदळला. ड्रायव्हरच्या खिडकीतून त्याच्या बायकोचं डोकं हळूहळू बाहेर आलं.

"सर," खिडकी आदरानं म्हणाली, "तुम्ही खरंच प्रोफेशनल होता?"

पुढचे तीन सामनेही हरले. शून्य-चार, शून्य-सहा, शून्य-तीन. शून्य-तीनला पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुलींना फारसं दुःख नव्हतं. त्या हरून येताना जेवढ्या खिदळायच्या तेवढं ढुशी कधी जिंकूनही खिदळला नव्हता. पण भोवरा प्रत्येक सामन्यानंतर त्याच्या शेजारी येऊन बसायची, बुटाची नाडी सोडता सोडता विचारायची, "सर, आज येणार होता का?" आणि तो म्हणायचा, "आज अगदी येता येता राहिला." हे तिसऱ्यांदा म्हणताना त्याची त्यालाच लाज वाटली.

त्या रात्रीच्या जेवणाला त्यानं पानात नुसती बोटं फिरवली. बायकोनं विचारलं, "तुझ्या त्या सत्त्याण्णवांपैकी डावऱ्यानं दिलेले बॉल किती?"

"ब्याऐंशी."

"मग डोकं कुणाचं खातोयस? त्याच्याकडे जा."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"तो तुझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "फरक आहे."

फरक होता खरा. डावरा हा त्याच्या क्लबचा विंगर, मैदानाच्या डाव्या कडेनं नऊ वर्षं धावलेला. कडेवरून त्यानं बॉल उचलायचा आणि मध्ये ढुशीनं डोकं लावायचं. दोघे एका खोलीत राहायचे, एका ताटात खायचे. मग सहा वर्षांपूर्वी डावऱ्याचा शेवटचा सामना आला, आणि तोच कपचा अंतिम सामना होता. ऐंशीव्या मिनिटाला त्यानं कडेवरून बॉल उचलला, ढुशी उडाला, बॉल वळत वळत थेट जाळ्यात गेला. एक-शून्य. ढुशी दोन्ही हात पसरून धावत सुटला, लाउडस्पीकरवर त्याचं नाव दुमदुमलं, स्टेडियमनं कपाळं बडवली. बॉल त्याला लागला का, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "केसाला लागला." डावऱ्यानं उभ्या आयुष्यात अंतिम सामन्यात गोल केला नव्हता. त्यानं आपली बॅग भरली आणि गेला. आता तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

दुसऱ्या दिवशी ढुशी त्याला शोधत एका सहा मजली इमारतीत पोचला. खाली "लिफ्ट बंद" अशी पाटी लटकत होती. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं बाहेरचं दार हातभर उघडं होतं, फटीतून लिफ्टची खालची कड दिसत होती, आणि वरून हातोडीचा आवाज येत होता. ढुशीनं फटीत तोंड घातलं.

"डावऱ्या?"

हातोडी थांबली. "कोण?"

"मी."

हातोडी पुन्हा दोनदा वाजली. मग वरून आवाज आला, "लिफ्ट बंद आहे. जिन्यानं जा."

"मला वर नाही जायचं. तुझ्याशी बोलायचंय."

"सहा वर्षांनी?"

तेवढ्यात लिफ्टच्या आतून तिसराच आवाज आला, बाईचा, ठणठणीत. "तुमचं बोलणं मागाहून! आधी मला बाहेर काढा. चौथ्या मजल्यावर माझा दवाखाना आहे, खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलाय!"

"काढतो ताई, दहाच मिनिटं," डावरा वरून म्हणाला. "त्या माणसाकडे लक्ष देऊ नका. तो दुसऱ्यांचे गोल स्वतःच्या नावावर लावतो."

"अरे, केसाला लागला होता—"

"केसाला! सहा वर्षांपूर्वी तुझ्या डोक्यावर केस होता कुठे?"

लिफ्टमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. ढुशीनं आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. सहा वर्षांत हा मुद्दा त्याच्या ध्यानातच आला नव्हता.

"हे बघा," दातांच्या डॉक्टर आतून म्हणाल्या, "मला काय झालं ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायला वेळ नाही. बॉल लागला होता की नव्हता, एवढंच सांगा. म्हणजे वरचे गृहस्थ काम करतील."

ढुशी फटीत बघत राहिला. आत अंधार, ग्रीसचा वास, आणि तारांच्या मागे कुठेतरी त्याचा जुना मित्र हातोडी धरून बसलेला. सहा वर्षं तो हे एक वाक्य घशात घेऊन फिरत होता, आणि आता ते निघालं ते पडलेल्या दातासारखं, सहज.

"नव्हता लागला."

"किती लांब होता?" वरून प्रश्न आला.

"एवढा."

"हात दाखवू नकोस, मला दिसत नाही. सांग."

"वीतभर."

"वीतभर?"

"दोन विती," ढुशी म्हणाला. "जरा जास्तच."

वर कसलासा घरघर आवाज सुरू झाला. ढुशीला वाटलं मोटर चालू झाली, पण तो डावरा होता, हसत होता, आणि त्याचं हसणं त्या उभ्या बोगद्यात वरून खालपर्यंत घरंगळत होतं. "दोन विती! आणि मी सहा वर्षं घरी चार बोटं सांगतोय! बायको म्हणायची, चार बोटं म्हणजे लागलाच असेल, कशाला भांडता. दोन विती! अरे, मग तू उडाला होतास कशाला?"

"सवयीनं!" ढुशी ओरडला, आणि मग तोही हसायला लागला, इतका की त्याला जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. आत दातांच्या डॉक्टर हसत होत्या, आणि मध्येच "पेशंट! माझा पेशंट!" असं म्हणत होत्या.

लिफ्ट हलली, हळूच वर सरकली, चौथ्या मजल्यावर दार उघडलं. ढुशी पायऱ्या चढून पोचेपर्यंत डॉक्टर बाहेर आल्या होत्या. त्यांनी हसणाऱ्या ढुशीच्या तोंडात नकळत डोकावून बघितलं, म्हणाल्या, "डावीकडची अक्कलदाढ बघून घ्या," आणि पळत दवाखान्यात शिरल्या.

डावरा ग्रीसनं माखलेला खाली उतरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मिठी मारायची की नाही हे ठरेपर्यंत मारून झाली होती, आणि ढुशीच्या पांढऱ्या शर्टावर दोन काळे हात कायमचे उमटले.

"आता बोल," डावरा म्हणाला.

ढुशीनं सगळं सांगितलं. बारा मुली, शून्य गोल, तिसरा नियम. "आणि मला पायानं काही येत नाही रे."

"ते सगळ्या लीगला माहिती आहे."

"मग मी त्यांना शिकवू काय? मला डोक्यानं मारायचं सोडून दुसरं काहीच येत नाही."

डावऱ्यानं चिंधीनं बोटं पुसत त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "डोक्यानं तर कुणीही मारेल. तू मोकळा असायचास, ते? आत सहा-सहा जण तुला धरायला उभे असायचे, आणि मी मान वर केली की तू एकटा, जसा काही फिरायला आलायस. नऊ वर्षं मी बघायचंसुद्धा सोडलं होतं. तू तिथं कसा असायचास?"

ढुशीनं विचार केला. खरंच विचार केला. सेक्रेटरीबाई खूश झाल्या असत्या. "काही नाही," तो म्हणाला. "डिफेंडरला एका वेळी एकच काहीतरी बघता येतं. तो बॉलकडे बघायला लागला की मी त्याच्या पाठीमागे जायचो. तो मला शोधायला वळला की मी दुसऱ्या बाजूनं पाठीमागे. मला मुळात कुणाच्या नजरेसमोर उभं राहायला आवडायचंच नाही. शाळेत मास्तरांच्याही मी मागेच असायचो."

"झालं तर मग," डावरा म्हणाला. "हेच शिकव. बॉल मी बघतो."

त्या आठवड्यापासून मैदानावर जे सुरू झालं त्याला बाहेरून बघणाऱ्यांनी फुटबॉल म्हटलं नसतं. ढुशीनं मुलींच्या जोड्या लावल्या. एकीनं बॉलकडे बघत उभं राहायचं, दुसरीनं तिच्या पाठीमागे सरकायचं. ती वळली की पुन्हा पाठीमागे. बूट वाजता कामा नये, श्वास ऐकू येता कामा नये, आणि मुख्य म्हणजे हसता कामा नये. हे शेवटचं कुणालाच जमत नव्हतं. "जिथं ती बघत नाही, ते घर तुझं," ढुशी सांगायचा. "तिथं राहायला जायचं." भोवऱ्याला तर हे जन्मतःच येत होतं. तिची ती गिरकी, जिच्यामुळे बॉल जायचा, तीच आता कामाला आली. बॉल नसताना फिर, ढुशी म्हणाला, हवी तेवढी फिर, फक्त दुसरीच्या पाठीभोवती फिर.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला डावरा वकिलाला घेऊन बसायचा. मुली त्याला लिफ्टकाका म्हणायला लागल्या होत्या. "बॉल उचलायचा नाही," तो सांगायचा, "जमिनीवरूनच, गुडघ्याखालून. आणि भोवरा जिथं आहे तिथं नाही द्यायचा."

"मग कुठं?" वकिलानं विचारलं.

"ती जिथं पोचणार आहे तिथं."

"ती कुठं पोचणार आहे हे मला कसं कळणार? पुरावा काय?"

डावऱ्यानं नऊ वर्षांत एवढं अवघड उत्तर दिलं नव्हतं. "भरवसा," तो म्हणाला. वकिलानं चष्मा सारखा केला आणि हे उत्तर तात्पुरतं मान्य केलं.

गंमत अशी की मुलींनी हा खेळ मैदानापुरता ठेवला नाही. आठवडाभरात सगळ्या गावाच्या पाठीमागे कुणीतरी असायला लागलं. खिडकीचे वडील दाढी करताना आरशात दचकले आणि अर्धी मिशी गमावून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेली अर्धीही काढली. ढुशीच्या बायकोच्या बसमध्ये मागच्या दारातून सहा मुली चढायच्या, आणि तिनं आरशात बघितलं तर बस रिकामी. सेक्रेटरीबाई पत्र टाइप करताना एकदम म्हणाल्या, "इथं कोण आहे?" वळल्या. कुणी नाही. पुन्हा वळल्या. कुणी नाही. बिस्किटांचा डबा मात्र हलका झाला होता. त्यांनी ढुशीला बोलावून घेतलं.

"तुम्ही मुलींना नेमकं काय शिकवताय?"

"विचार करायला," ढुशी म्हणाला, आणि दोन पावलं तिरका सरकून त्यांच्या खुर्चीमागून दाराबाहेर पसार झाला.

त्याच दिवसांत त्यानं जुन्या क्लबला पत्र लिहिलं की माझा एक गोल कमी करा आणि डावऱ्याच्या नावावर लावा. उत्तर आलं की अर्जावर दोघांच्या सह्या लागतील. त्या दोघांनी बुटांचा टब उलटा करून त्यावर केल्या. एकशे सतरा. ढुशीला हा आकडा भलताच हलका वाटला. त्या संध्याकाळी तो घरी चालत न जाता उड्या मारत गेला, मानेला जपून.

शेवटचा सामना तक्त्यातल्या पहिल्या संघाशी होता. त्या मुली पाठीवर नावं छापलेली जॅकेटं घालून रांगेत आल्या, रांगेत पळाल्या आणि रांगेतच पाणी प्यायल्या. त्यांची मधली डिफेंडर ढुशीच्या छातीला लागत होती. "दहा वर्षांची आहे म्हणे," डावरा कुजबुजला. "कुणाच्या हिशेबानं?"

मध्यंतराला चार-शून्य झालं होतं. खिडकीनं दोन बॉल अडवले होते, त्यातला एक चुकून, आणि दोन्ही वेळा ती स्वतःच एवढी चकित झाली की तिनं बॉलला मिठी मारून सोडलाच नाही. पण ढुशी आज स्कोर बघत नव्हता. तो भोवऱ्याकडे बघत होता. ती उंच डिफेंडर मध्येच थांबून आपल्या डाव्या खांद्यावरून बघायची, मग उजव्या खांद्यावरून, आणि तिचा चेहरा रडवेला व्हायला लागला होता. "ती कुठंय?" ती आपल्या गोलकीपरला विचारत होती. "ती बुटकी कुठंय?"

तीन वाजून अडतीस मिनिटांनी कुंपणापलीकडे बस येऊन थांबली. ढुशीची बायको खाली उतरली, कुंपणाला टेकली. तिच्या मागोमाग प्रवासीही उतरले. पाय मोकळे करायला म्हणून आले आणि तिथंच रेंगाळले. तिनं या हंगामात प्रत्येक सामन्याची सात मिनिटं बघितली होती आणि एकही गोल बघितला नव्हता. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. ती बसकडे वळली, पायरीवर एक पाय ठेवला.

आणि वकिलाला डाव्या कडेला बॉल मिळाला.

तिनं मान वर केली नाही. एकीला चुकवलं, चष्मा तिरका झाला, तो तसाच ठेवून दुसरीला चुकवलं, आणि जमिनीवरून, गुडघ्याखालून, जिथं चिटपाखरू नव्हतं अशा जागी बॉल जोरात सोडला. उंच डिफेंडर बॉलकडे बघत पुढे झाली. तिच्या पाठीमागून, जणू तिच्या सावलीतूनच निघाल्यासारखी, भोवरा बाहेर आली. ती गिरकी घेत होती की धावत होती हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. तिनं पाय पुढे केला. बॉल पायाला लागला नाही, नडगीला लागला, उडाला, खांबाला टेकला, क्षणभर विचार केला, आणि आत गेला.

कुणीच ओरडलं नाही. सवयच नव्हती. भोवऱ्यानं बॉलकडे बघितलं, मग रेफरीकडे, मग बॉलकडे.

"सर," तिनं मैदानाच्या मधूनच विचारलं, "आला का?"

"आला!" ढुशी म्हणाला. "आला!" तो पुन्हा ओरडला, आणि मग त्याचे पाय, ते दोन अबोला धरलेले पाय, एकाच दिशेनं सुटले. डावरा त्याच्या पाठीवर चढला. राखीव मुली मैदानात घुसल्या. खिडकी आपला गोल वाऱ्यावर सोडून अख्खं मैदान ओलांडून आली आणि ढिगाऱ्यावर पडली. वकील सगळ्यात खालून ओरडत होती, "चष्मा! माझा चष्मा!" आणि तरीही हसत होती. पलीकडे कुंपणाला टेकलेले प्रवासी अनोळखी माणसांच्या गळ्यात पडले, कुणीतरी बसचा हॉर्न दाबला आणि तो दाबलेलाच राहिला.

रेफरीनं चारदा शिट्टी वाजवली. शेवटी त्यानं सामना सुरू केला, आणि खिडकी अजून ढिगाऱ्यातच असल्यामुळे पाहुण्यांनी रिकाम्या गोलमध्ये पाचवा गोल घातला. त्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. पाहुण्यांच्या गोलकीपरनं तर मागाहून विचारलं, "तुम्ही जिंकलात का?" आणि भोवरा प्रामाणिकपणे म्हणाली, "माहीत नाही."

बस तीन एकावन्नला सुटली. वायरलेसवर कंट्रोलरूमनं उशिराचं कारण विचारलं. बायकोनं सांगितलं, "गोल." कंट्रोलरूमला वाटलं चाकाचा काही बिघाड आहे, त्यांनी मेकॅनिक पाठवू का म्हणून विचारलं. अख्खी बस एका सुरात म्हणाली, "नको!"

सामना पाच-एक असा संपला. सेक्रेटरीबाईंनी बिस्किटांचा डबा स्वतःहून उघडला आणि मैदानाच्या मधोमध ठेवला. पालक मुलींना न्यायला आले, पण मुली निघायचं नाव घेईनात.

"सर, परत करायचा," भोवरा म्हणाली.

"काय?"

"तोच गोल. मी केला, पण बघितला कुठं? मी तर केला."

वकील म्हणाली की मुद्दा बरोबर आहे, शिवाय बाकीच्या अकरा जणींवर अन्याय झालेला आहे. मग ठरलं. तोच गोल पुन्हा, अगदी तसाच, प्रत्येकीनं एकेकदा करायचा. डावरा कडेवरून बॉल देईल. उंच डिफेंडर पाहिजे, म्हणून त्या संघाची खरी उंच डिफेंडरच जॅकेट काढून पळत आली. तिला घरी जायचं नव्हतं. गोलकीपर ढुशी. त्यानं फक्त चुकीच्या बाजूला पडायचं.

पहिली आली, नडगीनं मारला, ढुशी डावीकडे पडला. दुसरी आली. तिसरीला उंच मुलगी स्वतःच दाखवून देत होती, "आता इकडून ये, मी तिकडे बघते." खिडकीला आयुष्यात पहिल्यांदा गोल समोरून दिसला, आणि तिनं इतका जोर लावला की बॉलबरोबर तीही जाळ्यात गेली. सेक्रेटरीबाई चष्मा दोरीला सोडून रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यांनी मारलेला सगळ्यांत सरळ गेला. आठव्या गोलाला माळ्यानं, सगळे कधीच घरी गेलेत अशा समजुतीनं, गवताचे फवारे चालू केले. किंकाळ्या उठल्या, पण एकही मुलगी रांगेतून हलली नाही. डावरा भिजलेल्या बॉलवरून घसरून आडवा झाला आणि झोपल्या झोपल्याच डाव्या पायानं पास देऊ लागला, तेही अचूक.

ढुशी चिखलात पालथा पडला होता. नाकात पाणी गेलं होतं, एक कोपर सोललं होतं, आणि हसून हसून बरगड्या दुखत होत्या. त्यानं मान वर केली, जपून. फवाऱ्याच्या धारांमधून भोवरा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"सर, तुम्ही आधीच पडताय," ती म्हणाली. "आधी बॉल येऊ द्या. मग पडा."

"बरं," ढुशी म्हणाला. तो उठला, गोलच्या मधोमध उभा राहिला, हात पसरले, आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला खूण केली.